राग्नहिल्डच्या पायथ्याची जागा

ऑर्लिन ब्रेक्केने लोखंडी सळईवर देहाचा सारा भार टाकला, तरी वरच्या ओल्या थराखाली ती उतरेना. त्याचे समाधान झाले. खाली कुणी निजलेले असेल तर सळई सहज जाते. जी भूमी कधी उकरलीच गेली नाही, ती तिला परत लोटते. म्हणजे राग्नहिल्डच्या कबरीच्या पायथ्याची ही जागा खरोखरच रिकामी होती.

कुंपणापाशी मोटार थांबली. त्याची मेहुणी मर्लिस खाली उतरली आणि गवतातून जपून पावले टाकीत आली.

"इथं?" ती म्हणाली. "पूर्वेकडची एवढी बाजू मोकळी पडलीय, आणि तुला हीच जागा सापडली?"

"मला नाही सापडली. व्हर्नानं सांगून ठेवली होती."

"आजारपणात माणूस काहीही बोलतं."

"आजारी पडायच्या कितीतरी आधीपासून बोलायची. रविवारी तू जेवायला यायचीस, तेव्हा तुझ्यासमोर बोललीय."

"बोलायची. मी तेव्हा बटाटे वाढून घ्यायचे."

ऑर्लिनची बायको आणि मर्लिसची बहीण व्हर्ना फेब्रुवारीत गेली होती. अमेरिकेतील डकोटाच्या उत्तर टोकाला त्या दिवसांत भूमी गोठून पाषाणवत् होते. हिवाळ्यातील मृतांना वसंत येईपर्यंत गावातील शवगृहात प्रतीक्षा करावी लागते. आता मे महिना उजाडला होता. खोदाईचे यंत्र उद्या सकाळी यायचे होते, आणि व्हर्नाला कुठे ठेवायचे याचा निर्णय आजच होणे आवश्यक होते.

या माळावर पहिला नांगर धरणाऱ्या नॉर्वेजियन कुटुंबांनी ही दफनभूमी आखली. येथील सारे मृत पूर्वाभिमुख आहेत. मस्तक पश्चिमेस, पाय पूर्वेस. अंतिम न्यायाच्या दिवशी ते उठतील तेव्हा त्यांची दृष्टी उगवत्या सूर्यावर पडावी, ही त्यामागील श्रद्धा. पश्चिमेकडील शेवटच्या ओळीतील राग्नहिल्ड तेवढी उलटी आहे. घटसर्पाच्या हिवाळ्यात ही एकटी स्त्री घरोघर जाऊन मुलांची शुश्रूषा करीत राहिली आणि साथ ओसरताना स्वतः गेली. हिमवादळात चौघांनी तिची पेटी खाली सोडली. दोर गोठून काठीसारखे ताठ झाले होते. पेटी तळाला टेकल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आले, की मस्तकाची बाजू पूर्वेला गेली आहे. वसंतात फिरवू, असे ते म्हणाले. वसंताबरोबर नांगरणी आली. शिवाय निजलेल्या माणसाला पुन्हा हलवावे, असे कुणाच्या मनाने घेतले नाही. शिळा मात्र त्यांनी प्रामाणिकपणे मस्तकाशीच उभारली.

पुढे ते चौघे गेले, आणि उलटी शिळा उरली. ती चेटकीण होती, तिने सूर्याकडे पाठ फिरवली, सायंकाळी शिळेला उघडा हात लावला तर आतून टकटक ऐकू येते, अशा कथा गावात रुजल्या. शरद ऋतूत तरुण मुले येत आणि धीटपणा दाखवण्याच्या भरात शिळा पाडून जात. येथील गवत कापण्यात ऑर्लिनचे आयुष्य गेले होते; पडलेली शिळा प्रत्येक वेळी त्यानेच उभी केली होती. मात्र ते करताना त्याने हातमोजे कधी काढले नव्हते. तिच्या पायथ्यापासून कुंपणापर्यंतची पट्टी कुणीच मागितली नाही. उठल्यावर तिच्या दृष्टीस प्रथम पडणारे माणूस होण्याची कुणाची तयारी नव्हती.

"एक दोर आमच्या आजोबांच्या हातात होता, म्हणून व्हर्नानं तिथं जायचं?" मर्लिसने विचारले. "आमच्या घरात हा विषय कुणी काढत नसे. उगाच नाही."

"आजोबांचं नाव ती घ्यायचीच नाही. म्हणायची, सगळे उठतील तेव्हा सगळ्यांची पाठ तिच्याकडे. बिचारी एकटी गव्हाच्या शेताकडं बघत बसेल. समोर कुणीतरी ओळखीचं नको का?"

"ओळखीचं? दोघींची कधी भेट तरी झाली होती?"

"दरवर्षी फुलं ठेवायची की तिला."

मर्लिसने शिळेकडे पाहिले. शिळेवर शेवाळ होते, आणि अक्षरांपैकी निम्मी झिजली होती.

"तुलाही तिथंच यावं लागेल. व्हर्नाच्या शेजारी. ठाऊक आहे ना?"

ऑर्लिनने सळईचे टोक पाटलोणीला पुसले. "ठाऊक आहे."

"आणि भीती?"

"आहे थोडी."

ती हसली नाही. "खोद मग," ती म्हणाली. "पण मला पूर्वेकडं ठेवा. मला त्या दोघींच्या गप्पांत पडायचं नाही."

व्हर्नाला त्यांनी रीतीप्रमाणेच ठेवले, पूर्वाभिमुख. तिचे पाय राग्नहिल्डच्या पायांसमोर आले. मृतांच्या स्मरणदिनी मर्लिस कॉफीच्या रिकाम्या डब्यात लायलॅकची फुले घेऊन आली. डबा एकच होता. तो तिने दोघींच्या मधोमध ठेवला आणि मोटारीकडे वळली.

शरद आला. ऑर्लिन पावाची लादी घ्यायला दुकानात गेला, तेव्हा गल्ल्यावर नुकतीच लागलेली मुलगी त्याच्या बुटांना चिकटलेले गवत पाहून म्हणाली, "मिस्टर ब्रेक्के, तुम्ही अजून जाता तिथं? आता दोघी आहेत म्हणे."

"दोघी?"

"समोरासमोर बसतात. दिवस मावळला की बोलतात." दुसरी कोण, हे तिला माहीत नसावे.

"काय बोलतात?"

"ते ऐकायला कोण थांबतंय?"

ऑर्लिनने लादी काखेत घेतली. घरची वाट सोडून त्याने गाडी माळाकडे वळवली. सूर्य शेतापलीकडे टेकला होता आणि राग्नहिल्डच्या शिळेवर तांबूस प्रकाश पडला होता. त्याने हातमोजे काढून खिशात ठेवले आणि तळवा शिळेवर टेकवला. वाऱ्याने वाळलेले गवत हलत होते. दुसरा ध्वनी नव्हता. दिवसभराच्या उन्हाने दगड अजून कोमट होता. तो पूर्ण गार होईपर्यंत ऑर्लिनने हात काढला नाही.