टेबलबाईंचा तास

"चढ," मॅडम म्हणाल्या. "बूट काढ, वर चढ आणि पाय अडकव."

लंबूने आधी हसून पाहिलं. ही बाई हसण्यावारी नेण्यातली नाही हे त्याला वरच्या वर्गातल्यांनी सांगितलं होतं, तरी पाहिलं. मग तो तपासणीच्या टेबलावर चढला, आडवा झाला आणि दोन्ही बाजूंच्या लोखंडी दांड्यांवर त्याने आपल्या जीन्समधल्या लांबलचक पोटऱ्या टेकवल्या. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. पोरं फिसकन हसली.

"हसून घ्या. पाळी सगळ्यांचीच आहे," असं म्हणून मॅडम खिडकीशी गेल्या आणि त्यांनी नवऱ्याला फोन लावला. प्लंबर आला का, वॉशर नवा घातला की जुनाच उलटा करून बसवला, अशी सविस्तर चौकशी सुरू झाली. दार सताड उघडं होतं. येणारे-जाणारे आत डोकावत होते. लंबूने हात आधी छातीवर ठेवले, मग पोटावर, मग त्याला हातांचं काय करावं तेच कळेना.

"मॅडम, उठू का?"

"थांब. फोनवर आहे ना मी?"

प्रसूती आणि स्त्रीरोग विभागात शिकायला येणाऱ्या प्रत्येक बॅचचा पहिला तास हाच असे. म्हणून तर मॅडमना 'टेबलबाई' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची हरकत नव्हती. याहून वाईट नावं पडलेले प्राध्यापक त्यांनी पाहिले होते. बढती मात्र त्यांच्या दारावरून कैकदा गेली आणि एकदाही तिने बेल वाजवली नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं मोठ्या खुर्च्यांत जाऊन बसली, आणि मॅडम आपल्या त्याच टेबलापाशी उभ्या.

लंबू खाली उतरला तेव्हा त्यांनी विचारलं, "काय शिकलास?"

"छताला पोपडे आलेत."

"बरोबर. बाईला पोपडे दिसतात, तू दिसत नाहीस. तू तिकडे काय करतोयस ते तिला कळत नाही. म्हणून आधी तिच्या तोंडापाशी उभं राहायचं. नाव सांगायचं. काय करणार ते सांगायचं, करू का म्हणून विचारायचं. उत्तर येईपर्यंत हातमोजे घालायचे नाहीत. गर्भाशय, अंडाशय, बाळाचं डोकं कुठवर आलं, हे सगळं मी शिकवेन. ते पुस्तकातही आहे. हे पुस्तकात नाही."

एकेक करून पोरं चढली, उतरली. कुणी विनोद केले, कुणी डोळे मिटून घेतले. शेवटी एक मुलगी उरली. तिला वर्गात 'मिणमिण' म्हणत, कारण तिचं बोलणं शेजारच्यालासुद्धा पुरं पोचत नसे. ती भिंतीला टेकून उभी होती.

"मॅडम, मला नको," ती म्हणाली.

"नको? इथे येणाऱ्या बाईला म्हणता येतं का नको? चढ."

ती चढली. मॅडमनी पुन्हा फोन लावला. या खेपेला फोनवर काय बोलायचं ते उरलं नव्हतं, म्हणून त्या बागेतल्या कुंड्यांविषयी बोलल्या. वळून पाहिलं तेव्हा मुलीच्या डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं. कुणी काही म्हणायच्या आत ती उतरली, बूट हातातच घेतले आणि अनवाणी निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी मॅडमना खोलीत बोलावलं. विभागात प्रमुखांना मोठे सर म्हणत. ते आणि मॅडम एकाच वर्गात शिकलेले, त्यामुळे चारचौघांत 'मॅडम' आणि 'सर', पण दार लावलं की अरे-तुरे.

"तक्रार आलीये. त्या मिणमिणचे वडील येऊन गेले," ते म्हणाले. चेहरा गंभीर होता, पण आवाजातला आनंद काही लपत नव्हता. "पोरांना टेबलावर चढवणं आजपासून बंद. आणि आतून तपासायला मी थिएटरमध्ये शिकवीन. ऑपरेशनच्या आधी भूल दिलेली असते, पोट सैल असतं, बाई हलत नाही की ओरडत नाही. पाच-सहा पोरांचे हात एका सकाळी तयार होतात."

"त्या बाईला विचारून?"

"ती सही करते की ऑपरेशनला."

"ऑपरेशनला करते. पोरांच्या रांगेला नाही करत. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? सरळ म्हण ना, जागी बाई नाही म्हणेल, म्हणून झोपलेली बरी."

"आपण असंच शिकलो."

"म्हणून तर तुला अजून विचारता येत नाही."

मोठ्या सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग जरा सावकाश म्हणाले, "मुलगी काय म्हणाली ते ऐकायचंय? म्हणाली, मॅडमनी मला विचारलंच नाही. मी नको म्हटलं तरी चढवलं. आता बोल. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण."

इतक्या वर्षांत कुणी मॅडमना असं शब्दांत पकडलं नव्हतं, आणि पकडलं ते या माणसाने, याचा त्यांना फार राग आला. पण बोलणं खरं होतं. इतक्या बॅच त्या टेबलावर चढल्या, उतरल्या, आणि चढतोस का म्हणून एकालाही विचारलं नव्हतं.

"खरं आहे ते," त्या म्हणाल्या. "तिची माफी मी मागणार. तुझी नाही. मी विचारलं नाही ही चूक. तास चूक नाही. पुढच्या बॅचला विचारून चढवीन. जो नाही म्हणेल तो खाली उभा राहील."

"पुढची बॅच तुझ्याकडे नाहीये. कुटुंब नियोजनाच्या खोलीत डॉक्टर हवाय, उद्यापासून तिकडे बस."

"बसते. पण भूल दिलेल्या बाईपाशी पोरांची रांग लागली तर शुद्धीवर आल्यावर मी तिच्या उशाशी असेन. कुणी कुणी हात लावला ते तिला सांगेन."

"धमकी देतेस?"

"पेशंटला माहिती देते," म्हणून मॅडम उठल्या आणि दार उघडंच ठेवून बाहेर पडल्या.

मिणमिण कँटीनच्या मागच्या पायरीवर एकटी बसलेली सापडली. मॅडमना पाहून ती दचकून उभी राहिली.

"बस गं. मी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. माझं चुकलं."

मुलगी खाली बघत म्हणाली, "माझा आवाज कुणाला ऐकूच येत नाही, मॅडम. तुम्हालाही आला नसेल."

इथून सुटायला ही छान पळवाट होती. मॅडमना क्षणभर मोह झालाही.

"आला होता," त्या म्हणाल्या. "नीट ऐकू आला होता. तरी चढवलं. म्हणून तर आले."

मुलीने पहिल्यांदाच वर पाहिलं. माफ केलं वगैरे काही ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "तक्रार बाबांनी केली. तुमचा तास बंद व्हावा असं मला वाटत नव्हतं."

"बंद कुठे झालाय," मॅडम म्हणाल्या. खरं तर झाला होता. पण हार मानायची त्यांना सवय नव्हती.

कुटुंब नियोजनाच्या खोलीत एक टेबल, एक पंखा आणि कुणी न उघडलेलं कपाट होतं. दिवसभर बसून मॅडमची कंबर भरून येई. शिवाय एक जुनं दुखणं होतं. बरेच दिवस त्यांचं अंग बाहेर येत होतं, गर्भाशय खाली उतरत होतं. उभं राहिलं की खाली ओढ लागे, खोकला आला की पंचाईत. दुसऱ्या बाईला याहून कमी त्रासाला त्या फैलावर घेत, "इतके दिवस काय झोपला होतात?" म्हणून. स्वतःच्या बाबतीत मात्र आज बघू, उद्या बघू चाललं होतं.

"दाखव एकदा कुणाला तरी," नवरा संध्याकाळी म्हणाला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, आता निवृत्त होता, आणि कमी बोलायचा.

"कुणाला दाखवू? आमच्याच ओपीडीत जाऊ? पोरांपुढे?" त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "अहो, जाते की. तास काढून घेतला त्याने. आजारी पडायचं थोडंच काढून घेतलंय? पेशंट म्हणून जाते. पेशंटला कोण बाहेर काढेल?"

नवऱ्याने ताट बाजूला सारलं. "तुला जमेल? लेक झाली तेव्हा त्याच वॉर्डात होतीस. कुणीही यायचं, तपासायचं, जायचं. तू स्वतः डॉक्टर, पण कुणी विचारलं नाही. घरी आल्यावर महिनाभर तू दाराची कडी पुन्हापुन्हा बघत होतीस. मी विसरलेलो नाही."

"मीही नाही," मॅडम म्हणाल्या. "न जमायला काय झालं? जमवायचं."

ओपीडीत विद्यार्थी तपासायला शिकत त्या दिवशी मॅडमनी केस पेपर काढला आणि बाकावर इतर बायकांत जाऊन बसल्या. वॉर्डातल्या मावशींनी त्यांना पाहून कपाळाला हात लावला.

"मॅडम, आत चला. इथे काय बसताय?"

"नंबर आला की येते, मावशी."

नंबर आला. आत मोठे सर होते, त्यांच्यामागे मुलं दाटीवाटीने उभी. सरांचा चेहरा उतरला. "मॅडम, हे काय? तुम्हाला मी माझ्या खोलीत बघतो. खासगीत."

"कशाला? मुलांचा दिवस आहे ना? शिकू दे. पेशंट स्वतः हो म्हणतेय."

"अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर," मावशी कोपऱ्यात पुटपुटल्या आणि पडदा ओढायला गेल्या.

मॅडम कपडे सावरून टेबलावर चढल्या. अंगावर चादर घेतली. पाय स्वतःच वर ठेवले. "एकेक या," त्या पडद्यामागून म्हणाल्या. "आधी तोंडापाशी."

पहिला लंबू आला. त्याने नाव सांगितलं, घाबरत का होईना नीट सांगितलं, आणि म्हणाला, "मॅडम, मी आतून तपासणार. तुम्हाला खोकायला सांगेन. दुखलं तर सांगा, लगेच थांबतो. तपासू का?"

"तपास."

त्याने तपासलं. गर्भाशय कुठवर खाली आलंय ते बरोबर ओळखलं. मॅडमनी त्याला खोकताना काय पाहायचं राहिलं तेवढं सांगितलं आणि "जा" म्हणाल्या.

दुसरा मुलगा हातमोजे चढवूनच आला. "मॅडम, मी बघू?"

"नाही."

तो हसला आणि सवयीने पुढे सरकला.

"नाही म्हटलं मी."

"पण मॅडम, मग मी शिकायचं कसं?"

"शिकतोयस की आत्ता. नाही ऐकलं की तोंड वाकडं न करता मागे व्हायचं. परीक्षेत हे कुणी विचारणार नाही, म्हणून इथेच शिकून घे."

मुलगा पडद्याबाहेर गेला. मोठे सर बाहेरून म्हणाले, "मॅडम, पुरे आता. बाहेर रांग आहे."

"एक राहिलीये," मॅडम म्हणाल्या.

मिणमिण आत आली. मॅडमच्या चेहऱ्याशी उभी राहिली. नाव सांगितलं. काय करणार ते सांगितलं, आणि विचारलं. आज तिचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"हो," मॅडम म्हणाल्या. "कर."

मुलीने हातमोजे घातले. पलीकडे जाता जाता ती थांबली. तिची नजर मॅडमच्या हातांवर गेली होती. चादरीवर दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या, पेरं पांढरी पडली होती. लंबूच्या वेळेपासूनच त्या तशा होत्या. कुणी पाहिल्या नव्हत्या, मॅडमनीसुद्धा नाही.

ती परत तोंडापाशी आली. "मॅडम, तुम्ही हो म्हणालात. पण मी नाही तपासणार."

"अगं, कर. मी सांगतेय ना?"

"तुम्ही आमच्यासाठी हो म्हणताय," मुलगी म्हणाली.

मोठ्या सरांनी पडदा बाजूला केला. "काय चाललंय? त्या हो म्हणतायत ना? मग आटप लवकर."

"नाही, सर," मुलगी म्हणाली. बाहेरच्या बाकावरच्या बायकांनी माना वळवल्या, इतकं स्पष्ट म्हणाली. तिने पडदा सरांच्या हातातून काढून घेतला आणि ओढून घेतला. हातमोजे उतरवून टाकले.

मग ती मॅडमजवळ वाकली. "पाय खाली घेऊ का तुमचे?"

आयुष्यभर मॅडमनी मुलांना विचारायला शिकवलं होतं, आणि धडा म्हणून नव्हे, त्यांच्यासाठी म्हणून आज पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. पडद्यापलीकडे मोठे सर घसा खाकरत होते. मावशींनी पुढच्या बाईला हाक मारली.

मुलगी उत्तराची वाट बघत उभी राहिली.