निराधार तानुबाईंचा वारस

आईला, तानुबाईंना, जाऊन चार महिने झाले आणि कृष्णात मास्तरांची तालुक्याच्या कचेरीत ही नववी खेप. साल एक्क्याऐंशी. टिळकवाडीहून उजाडायच्या आत निघायचं, दोन गाड्या बदलायच्या आणि इथं येऊन कानडीत 'नाळे बन्नी' ऐकायचं. उद्या या! त्या 'उद्या'नं मास्तरांचं डोकं पार उठवलं होतं.

काम एवढंच, की निपाणीतलं आईचं दोन खोल्यांचं घर धाकट्या जयाबाईच्या नावावर करायचं. विधवा बहीण, तंबाखूच्या वखारीत राबायची, आईपाशी तीच राहिलेली. त्यासाठी वारस दाखला हवा होता. आज कारकुनानं एकदाची फाईल काढली आणि मान हलवली.

"मास्तर, तानुबाईंना मूलबाळ न्हाय."

"मग मी कोण?"

"त्यांना निराधार म्हणून म्हातारपणाची पेन्शन होती. हे बघा, तलाठ्याचा कन्नड रिपोर्ट. मूल नाही, सांभाळणारं कोणी नाही. खाली त्यांचा अंगठा."

मास्तर सुन्न होऊन वळले, तोच शेजारच्या टेबलावरून हाक आली. "कृष्णात तुम्हीच न्हवं? सही करा." नोटीस होती. दाखल्याच्या अर्जावरून मयताला मुलगा असल्याचं उघड झालं, सबब पेन्शनची सगळी रक्कम मुलानं परत भरावी.

"अहो, त्या टेबलावर मी तिचा कुणी न्हाय आणि ह्या टेबलावर ल्योक?"

"ते खातं येगळं, मास्तर."

संध्याकाळी निपाणीत सगळा राग जयाबाईवर निघाला. "आपण दोघं जित्ती असताना आईनं असल्या कागदावर अंगठा दिलाच कसा?"

जयाबाईचा भाकरी थापणारा हात थांबला नाही. "आण्णा, तलाठी आलता. म्हणाला, ल्योक बघतोय काय? तू दोन वर्सं फिरकला न्हवतास. आई म्हणाली, न्हाय. फुडं त्येनं काय लिवलं, तिला वाचाय येत हुतं व्हय?"

बदली, मुलांची आजारपणं, मास्तरांची सगळी कारणं खरी होती. पण तिच्यासमोर एकही तोंडातून निघेना. त्याचाच जास्त संताप आला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पतपेढीतून कर्ज उचललं आणि कचेरीत पैसे भरले. पावतीवर लिहिलं होतं, 'मयत तानुबाई यांचा मुलगा कृष्णात यांजकडून'. मास्तरांनी ती तशीच पहिल्या टेबलावर आपटली.

"तुमचाच शिक्का. आता सांगा, मी कोण?"

कारकुनानं पावती उलटीसुलटी पाहिली. "हे आधीच आणायचं न्हवं का, मास्तर?"

मास्तरांनी दातओठ खाल्ले. पंधरा दिवसांत दाखला मिळाला, घर जयाबाईच्या नावावर चढलं. उतारा दारातूनच तिच्या हातात देऊन ते तसेच वळले.

"लगीच निघालास?" जयाबाई म्हणाली.

"गाडी हाय."

"सकाळी बी असत्या गाड्या."

मास्तर वैतागून काहीतरी पुटपुटले आणि उंबऱ्याशी बसून चपला काढू लागले.