कडी कोणी लावली

दुपारी चारला थोरलीचा फोन वाजला तेव्हा घरात नुसती धांदल उडाली होती. पाचला धाकटीच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे येणार होते. आई कपबशा पुसत होती, वडील बैठकीतली खुर्ची तिसऱ्यांदा हलवत होते. थोरली हातातलं काम टाकून जिन्यात पळाली. फोन वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीच्या संपादकबाईंचा होता. तिचा आयुष्यातला पहिला लेख! वाचनालयात दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं लावता लावता तिने मनाशी ठरवलं होतं, आपणही लिहायचं आणि खरं तेच लिहायचं.

"लेख छान उतरलाय," बाई म्हणाल्या. "पाहुणे आले की विधवा बाईला कोठीत बसवून बाहेरून कडी लावतात, आणि हे 'आमच्या शेजारच्या घरात'. त्या शेजारणीला वाचून दाखवलंत?"

"नाही."

"मग दाखवा. जिच्याबद्दल लिहिलं तिला ऐकवल्याशिवाय मी ओळही छापत नाही. सहाला पान छपाईला जातं."

शेजारीण कुठली आणि काय! ती तिची सख्खी काकू होती. काका गेल्याला बारा वर्षं झाली. त्या माउलीने या दोघी पोरींची आजारपणं काढली, परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठवलं, आणि घरात काही चांगलं व्हायचं म्हटलं की तिचंच तोंड अशुभ! वडील काही दुष्ट नव्हते हो, दुखणं तेच आहे. चार लोक काय म्हणतील, एवढं बोलून ते मोकळे व्हायचे.

कोठीत काकू धाकटीच्या कुडत्याचं बटण लावत बसली होती. थोरलीने दार लोटलं, कागद उघडला आणि लेख वाचून काढला. काकूने मान वर केली नाही.

"शेजारचं घर का गं?"

"बाबांना कळलं तर मला घराबाहेर काढतील. तुलाही."

"हं." काकूने दाताने दोरा तोडला. "आणि एक चुकलंय. 'घरचे लोक कडी लावतात' म्हणतेस. घरचे म्हणजे कोण?"

थोरली कागदाची घडी घालू लागली.

"भाऊजींनी कडीला कधी हात लावला नाही. जाऊबाईंनीही नाही. ते तुला लावायला सांगतात. पहिल्यांदा लावलीस तेव्हा तुझा हात पुरत नव्हता, स्टूल आणलं होतंस. मीच आतून म्हणाले होते, जपून चढ गं, पडशील."

थोरलीला रडू कोसळलं. काकूने तिला जवळ घेतलं नाही.

"लिहायचं तर सगळं लिही. अर्धंच लिहायचं असेल तर मला वगळ. मी कुठे जायचं ते मी बघेन."

बाहेर पाहुण्यांचा आवाज आला. पाठोपाठ वडील दाराशी आले, दबक्या आवाजात म्हणाले, "कडी लाव, लवकर!"

थोरली उंबऱ्यात उभी राहिली. तिने त्यांच्यासमोरच फोन लावला.

"बाई, तिला वाचून दाखवलं. दोन बदल करा. 'शेजारच्या घरात' काढून 'आमच्या घरात' करा. आणि 'घरचे लोक' नको. 'बारा वर्षं कडी मी लावली', असं लिहा."

वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, डोकं फिरलंय का तुझं? धाकटीचं वाटोळं करशील!"

"बाबा, मी आता लावणार नाही. लावायचीच असेल तर तुम्ही लावा. तुमच्या हाताने."

वडिलांचा हात खरंच वर गेला. आत काकू उभी होती आणि सरळ त्यांच्याकडे बघत होती. तसं तिने बारा वर्षांत कधी बघितलं नव्हतं. त्यांचा हात कडीवर तसाच राहिला. पुढच्या खोलीत कपबशा वाजत होत्या.

"सरका भाऊजी," काकू म्हणाली. "पोरीचा कुडता द्यायचाय."

ते सरकले.

रविवारी लेख छापून आला. धाकटीचं जमलं का, असं तुम्ही विचाराल. जरूर विचारा. पण त्याआधी उठून आपल्या घरातली अशी एखादी कडी शोधा, आणि ती लावायला आपण कोणत्या पोरीला स्टूल आणून दिलं, तेही आठवा.