तिसऱ्या जागेचा पहारा

ज्ञानाची तहान माणसाला कोणत्याही वयात लागू शकते. बँकेच्या संगणक विभागात उभी हयात कोबोल या एकाच जुन्या भाषेत काढलेल्या प्रोग्रामरला ती पन्नाशीनंतर लागली. निमित्त पार्किंगचं होतं.

इमारतीच्या अंगणात गाड्यांच्या चार जागा. तिसरी त्याची. शेजारचा दंतवैद्य दवाखाना लवकर बंद करून येई आणि बेलाशक तिथं आपली गाडी घाले. मग प्रोग्रामरच्या वाट्याला चौथी, बेवारस जागा उरे; तिच्यावर वरच्या एसीचं पाणी टपके. त्यानं दंतवैद्याला जिन्यात गाठून दोनदा समजावलं. दोन्ही वेळा दंतवैद्य गोड हसला, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा तिथंच. भांडला असता तर परवडलं असतं. ते हसू जिव्हारी लागलं.

ऑफिसातली पोरं उठता बसता पायथन पायथन करत. प्रोग्रामरनं ती भाषा शिकायला घेतली. शिकायचं तर हाताशी छोटंसं घरचं काम हवं, असं सगळे सांगत. त्याचं ठरलेलंच होतं: जुना मोबाइल खिडकीत बांधायचा, तिसऱ्या जागेत गाडी शिरली की कॅमेऱ्यानं टिपायची आणि स्पीकरनं ललकारायचं. प्रोग्राम भराभर झाला, वेळ खाल्ला तो मजकुरानं. सुरुवात 'कृपया'नं होती. हसू आठवेल तसा एकेक सभ्य शब्द गळत गेला.

बायकोनं खिडकीतला जामानिमा पाहिला. "अहो, परत एकदा बोलून बघा ना. जरा मोठ्यानं."

"आता मशीन बोलेल," तो म्हणाला.

शुक्रवारी तो कामावरून आला तेव्हा दंतवैद्याची गाडी तिसऱ्या जागेत खुशाल विसावली होती. त्यानं आपली मुकाट चौथीत घातली. तोच वरून त्याच्याच आवाजात गर्जना झाली, "चोरा, ही जागा तुझ्या बापाची नाही." बाल्कन्या भरल्या. तो धावत वर पोचेपर्यंत मशीन त्याचा बाप काढतच होतं.

चूक क्षुल्लक होती. जुन्या भाषेत मोजणी एकापासून, नव्या भाषेत शून्यापासून. त्यानं सवयीनं तीन लिहिलं आणि मशीन इमानेइतबारे चौथ्या जागेची राखण करत बसलं. दातओठ खात त्यानं तिनाचे दोन केले.

सोमवारी रजा टाकून तो खिडकीशी दबा धरून बसला. दंतवैद्य आला. गाडी तिसऱ्या जागेत शिरली. मशीन असं गरजलं की समोरच्या इमारतीतली माणसंही डोकावली. दंतवैद्यानं सावकाश बॅग काढली, गाडीला कुलूप घातलं, वर प्रोग्रामर दिसताच गोड हसून मान डोलावली आणि जिना चढून गेला.

"इतकी वर्षं ते दात कोरायचं यंत्र कानाशी," बायको म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही. सगळ्यांना माहीत आहे."