ओढ्यापाशी थांबणारा ट्रॅक्टर

मित्रांनो, तुमच्याकडे नांगर ओढणारे धिप्पाड ट्रॅक्टर असतात ना, त्यांच्या घराण्यातला मी अगदी धाकटा. मी एक जुना, गवत कापणारा ट्रॅक्टर आहे. आहे म्हणण्यापेक्षा होतो म्हणावे, कारण माझ्या पोटाखालचे पाते कधीच निघाले. आता मी डोंगर चढतो आणि ओझी ओढतो. हे कसे झाले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तेव्हा माझा रंग पिकल्या टोमॅटोसारखा लाल होता. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या एका अरुंद घळीत राहणाऱ्या हॉबर्ट कोगरने मला घरी आणले. तो शनिवारी सकाळी आधी चर्चच्या आवारातले गवत कापायचा, मग स्वतःच्या अंगणातले. "देवाचं आधी, आपलं मागून," असे तो म्हणे. काम झाले की त्याची बायको डेल्फिया थंड चहाचा पेला घेऊन पायरीवर उभी असायची. हॉबर्ट माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "माझा तांबडा घोडा, दाणा कमी खातो, लाथ मारत नाही." एवढी स्तुती मला पुष्कळ होती.

पुढे हॉबर्टचा खोकला वाढला. भर हिवाळ्यात तो गेला. घळीच्या वर, डोंगराच्या धारेवर कोगरांची दफनभूमी आहे. तिथे त्याला ठेवले. मी छपरीत उभा राहिलो. माझ्या बैठकीतला कापूस उंदरांनी नेला आणि गांधीलमाश्यांनी चाकाआड घर केले. त्यांचा राग नाही. रिकाम्या जागेत कोणीतरी येणारच.

हिवाळा सरता सरता पूर आला आणि वर जाणारा रस्ताच वाहून गेला. आता एकच वाट उरली. पूर्वी ओंडके ओढून आणायचे ती, घरामागून ओढा ओलांडून वळणावळणांनी चढणारी. मोटार तिथे शिरत नाही, आणि डेल्फियाचे गुडघे तिला पायरीसुद्धा नीट उतरू देत नव्हते.

तिची अडचण तुम्हाला सांगायला हवी. या डोंगरांत वसंताच्या शेवटी एक रविवार कबरी सजवण्याचा असतो. सगळी माणसे वर जातात, गवत काढतात, फुले वाहतात आणि तिथेच गवतावर जेवतात. डेल्फिया या घरात नवरी म्हणून आली तेव्हापासून तिचा एक नेम होता. ओढ्यापलीकडच्या झऱ्यापाशी थांबायचे, पूर्ण स्तोत्र म्हणायचे, मग काचेच्या बरणीत पाणी भरून ते आपल्या हाताने वर फुलांना घालायचे. तो नेम एकदाही चुकला नव्हता. आणि या वर्षी तर हॉबर्टच्या नावाचा दगड घडवून आला होता. चौघांनी उचलावा असा जड. ओसरीवर चादरीखाली तो पडून होता. हॉबर्ट वर बिननावाचा आणि त्याचे नाव खाली ओसरीवर, हे तिला बघवत नव्हते.

तिचा धाकटा दीर डेन्सिल म्हणाला, "वहिनी, काळजी करू नकोस. आम्ही चौघं तुला खुर्चीत बसवून वर नेतो."

"उचलायची एवढी घाई कशाला रे?" डेल्फिया हातातली कागदी फुले वितळलेल्या मेणात बुडवत म्हणाली. "माझी पाळी आली की उचलाच. तोवर मी बसून जाईन."

तिची भाची रेलीन बसगाड्यांच्या दुरुस्तीखान्यात वेल्डिंग करायची. ती छपरीत येऊन माझ्याभोवती फिरली, खाली वाकून बघितले आणि हाक मारली, "मावशी, हॉबर्टकाकांचा ट्रॅक्टर मला दे. तुला आणि दगडाला, दोघांना हाच नेईल."

"हा? हा तर अंगणाच्या कडेच्या चढाला लागला तरी धापा टाकतो."

"धापा टाकतो कारण त्याला धावायला शिकवलंय. चालायला शिकवते."

मग माझे दुसरे आयुष्य सुरू झाले. रेलीनने माझे पाते सोडवले. पोट एकदम हलके आणि उंच झाले. गुळगुळीत चाके जाऊन खोल दात असलेली आली. पूर्वी मागचे एक चाक चिखलात नुसते गरगरायचे आणि दुसरे ढिम्म उभे राहायचे. तिने ती दोन्ही अशी जखडली की एक फिरले की दुसऱ्याने फिरलेच पाहिजे. पुढच्या चाकांचा दांडा तिने जाड पोलाद जोडून भक्कम केला. झुडपे तोंडावर येऊ नयेत म्हणून नाकापुढे कठडा लावला. हॉबर्टच्या हातची दोन चाकी ट्रॉली मागे आली. ठिणग्या उडत होत्या तेव्हा मला भीती वाटली, पण तिचा हात स्थिर होता.

कप्प्यांचे काम मात्र डेन्सिलने अंगावर घेतले. माझ्या इंजिनखाली एक कप्पी आहे, मागे दुसरी, आणि दोघींवरून एक पट्टा फिरतो. त्याच माझ्या पायांना जोर पोचवतात. डेन्सिल दर वर्षी जत्रेत गवत कापायच्या ट्रॅक्टरांच्या शर्यतीत उतरायचा. आमच्या घळीत ट्रॅक्टरमध्ये सुधारणा म्हणजे वेग, दुसरे कोणाला सुचतच नाही. रेलीन कामावर गेलेली बघून त्याने पुढे मोठी कप्पी बसवली आणि मागे लहान. मी वाऱ्यासारखा सुटलो! खरे सांगतो, मला फार अभिमान वाटला. पण चढ लागताच माझे नाक आभाळाकडे गेले आणि डेन्सिल पाठीवरून घसरून काटेरी जाळीत पडला.

"काका," रेलीन काटे काढताना म्हणाली, "दगड न्यायचाय की शर्यत जिंकायचीय?"

"जाळी पुढे आली ग. मी बरोबरच चाललो होतो!"

तिने कप्प्या उलट बसवल्या. पुढे लहान, मागे मोठी. माझा वेग इतका उतरला की कोंबड्या मला मागे टाकून जाऊ लागल्या. मला वाईट वाटले. पण ओढण्याचा जोर असा आला की ट्रॉलीत दगड ठेवला तरी अंगणातला चढ मी सहज चढलो.

सणाच्या आदल्या दिवशी खरी परीक्षा घेतली. ओढा ओलांडला, क्षणभरही न थांबता चढाला भिडलो, आणि मध्येच माझी चाके थांबली. इंजिन गरजत होते, जळक्या रबराचा वास सुटला आणि मी मागे सरकू लागलो. रेलीनने पट्टा ताणला. पुन्हा खाली, पुन्हा ओढ्यातून, पुन्हा तेच. पट्टा नवा, ताण बरोबर, कप्प्या बरोबर. तिला काही उमजेना. तिन्हीसांजेला मला अंगणात परत आणून ती माझ्या शेजारी चिखलात बसून राहिली.

"राहू दे पोरी," डेल्फिया म्हणाली. "दगड पुढच्या वर्षी जाईल." पण हे बोलताना तिने दगडावरच्या चादरीची कडा नीट केली, ते मी पाहिले. दगड उतरवायला चौघे लागतात, म्हणून तो ट्रॉलीतच राहिला.

रविवारी माणसे फुलांच्या टोपल्या आणि जेवणाची भांडी घेऊन पायी निघाली. डेल्फिया माझ्यावर बसली. "मी ओढ्यापलीकडच्या झऱ्यापर्यंत येते. पाणी तरी माझ्या हातचं जाऊ दे. पुढे रेलीन नेईल."

आम्ही ओढा ओलांडला. माझी बॅटरी म्हातारी, बंद केले तर पुन्हा जाग येईल याचा भरवसा नाही. म्हणून तिने गिअर मोकळा केला आणि मला जागच्या जागी चालू ठेवले. काठीच्या आधाराने ती उतरली आणि डोळे मिटून स्तोत्र म्हणू लागली.

"वहिनी, थोडं लवकर! वर कोंबडी गार होतेय."

"गार कोंबडी खाऊन कोणी मेलं नाही," रेलीन हळूच म्हणाली.

डेल्फियाने एकही ओळ गाळली नाही. मग बरणी भरली, झाकण लावले, ती मांडीत घेऊन माझ्यावर बसली आणि वर पाहिले. "ते पहिलं वळण तरी बघू," एवढेच म्हणाली.

तिने मला गिअरमध्ये घातले. मी निघालो. कालची जागा आली. चाकांनी माती धरली, जड दगड मागे खेचत होता, आणि मी चढलो! वळण गेले, दुसरे गेले. माणसे टोपल्या घेऊन बाजूला होऊ लागली.

रेलीन मागून धावत आली. "पाणी! ओढ्यात पट्टा ओला होऊन कप्पीवर घसरायचा, आणि आपण तसंच त्याला चढावर हाकायचो! मावशी प्रार्थना करत होती तेवढ्यात तो मोकळा फिरून वाळला!"

"म्हणजे कप्पीचा दोष नव्हता," डेन्सिल धापा टाकत म्हणाला.

"तुमच्या कप्पीचा होता, काका. माझ्या नाही."

वर चौघांनी दगड बसवला. डेल्फियाने मेणाची फुले ठेवली, खऱ्या फुलांना बरणीतले पाणी घातले आणि नावावरची धूळ हलक्या हाताने ॲप्रनने पुसली. ती रडली नाही. मक्याची भाकर खाल्ली आणि एक तुकडा उगाच माझ्या कठड्यावर ठेवला.

त्यानंतर पुष्कळ वसंत आम्ही असेच वर गेलो. दर वेळी झऱ्यापाशी थांबायचो. दर वेळी डेन्सिल कोंबडीची आठवण करून द्यायचा.

मागच्या वसंताआधी डेल्फियाची पाळी आली. माणसे म्हणाली, आम्ही खांद्यावर नेतो. डेन्सिल म्हणाला, "नाही. ती नेहमी बसूनच गेली. आता बसता येत नाही, तर निदान हॉबर्टच्या ट्रॉलीतून जाऊ दे." रेलीनने मला चालवले. ओढ्यातून बाहेर आल्यावर तिचे डोळे भरलेले होते. समोर चढ होता आणि ती तशीच पुढे निघाली.

"थांब," डेन्सिल म्हणाला.

त्याने टोपी काढली. खिशातून डेल्फियाची काचेची बरणी काढली. त्याला स्तोत्र पाठ नव्हते; अडखळत, चुकत, पण त्याने शेवटपर्यंत म्हटले. मी जागच्या जागी फिरत राहिलो आणि माझा पट्टा वाळला.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे जुने यंत्र किंवा जुने माणूस चढावर थांबले, तर त्याला लगेच मोडीत काढू नका. ते कुठून भिजून आले आहे, एवढे बघा. जरा वेळ त्याच्यापाशी थांबा. मग चढायला सांगा.