ठराव क्रमांक चार

"पोहे लई कोरडे झालेत," म्हणत मोहनरावांनी बशी खाली ठेवली, ती नेमकी मालिकेच्या डबीवर. मोहनराव आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. ग्रंथनिवड समितीची बैठक चालू होती, म्हणजे पोहे खाणं चालू होतं. सुंदरराव तर बशी मांडीवर घेऊनच झोपले होते.

डबीत डीव्हीडीवरची, मुलांसाठीची सव्वीस भागांची अॅनिमेशन मालिका होती. हरवलेल्या बहिणीला शोधायला एक पोरगी पंखवाल्या मेंढ्यावर बसून ढगांच्या मुलखात जाते, अशी गोष्ट. कंपनीनं पाठवलेली नमुन्याची प्रत आठ दिवसांत पाहून, वाचनालय ती घेणार की नाही ते कळवायचं आणि डबी परत पाठवायची होती.

मी आश्रुबा, गेली एकतीस वर्षं इथला ग्रंथपाल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याशी मी बोलत नाही आणि ज्यांना येतं ते इथं फिरकत नाहीत. डबीवरचा मेंढा बघूनच मी नाक मुरडलं होतं. तरी शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा माझा नेम. म्हणून दुपारी टीव्ही लावून चार-पाच भाग बघत बसायचो.

दुसऱ्या दुपारी खिडकीतून आवाज आला, "मेंढ्याला पंख काहून लावलेत वो? लोकर कशी कातरायची?"

मेंढरं राखणाऱ्या मनकर्णाबाई होत्या. एकतीस वर्षं त्यांचा कळप याच खिडकीखालून जातो, पण बाई कधी पायरी चढल्या नव्हत्या.

"तुम्हाला कळायचं नाही ते," मी म्हणालो.

"न्हाई कळायचं," त्या म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सुनेकडं, बबिताकडं, कळप सोपवून त्या आत आल्या आणि चपला हातात धरून दाराशी बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पोरीनं मेंढ्याला पाणी न्हाई पाजलं. आता बसंल बगा तो." पुढच्या भागात मेंढा खरंच बसला. मला आधी राग आला, मग लाज वाटली. इतकी पुस्तकं वाचून मला ते पाणी दिसलं नव्हतं.

शुक्रवारपर्यंत बावीस भाग झाले. उठताना त्यांनी विचारलं, "बहीण गावती का तिला?"

"उद्या बैठक आहे. मालिका घेतली की सोमवारी पुढचं बघू," मी म्हणालो. ते सांगताना मला मनापासून आनंद झाला होता. उरलेले चार भाग मी शनिवारी सकाळी एकट्यानं पाहिले.

आमच्याकडं बैठकीचं इतिवृत्त बैठकीच्या आधीच लिहितात. डबी आली त्याच दिवशी मोहनरावांनी फोनवरून ठराव सांगितले आणि मी ते नेहमीसारखे वहीत उतरवले होते. या वर्षी त्यांच्या वडिलांच्या गौरवग्रंथाच्या पंचवीस प्रती घ्यायच्या होत्या, मग मालिकेला पैसे उरत नव्हते.

"ठराव चार बदलू या," शनिवारच्या त्या बैठकीत पोहे संपल्यावर मी म्हणालो. "मालिका मी पूर्ण पाहिली. घेण्यासारखी आहे."

मोहनरावांनी वही ओढली आणि मोठ्यानं वाचलं, "'सदर मालिका भाकड व संस्कारहीन असल्याने नाकारण्यात येत आहे.' हे अक्षर कुणाचं हाय?"

"माझं."

"आमी तर नुसतं नको म्हणलं व्हतं. बाकीचं तुमीच घातलं. लई भारी लिवलंय की. आता कशाला खोडता?"

सुंदरराव जागे झाले, सही कुठं करायची ते विचारून त्यांनी सही केली. मग बाकीच्यांनी केली. या माणसांना मी आयुष्यभर हसत आलो. त्या दिवशी त्यांनी माझंच वाक्य मंजूर केलं होतं.

सोमवारी मनकर्णाबाई धुतल्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन आल्या. टीव्ही बंद होता.

"लावा की."

"परत गेली ती. पण बहीण सापडते. बसा, सांगतो सगळं."

त्या बसल्या नाहीत. "कुणी नको म्हणलं?"

खोटं बोलता आलं असतं. अध्यक्षांचं नाव तोंडाशी आलं होतं. "तसं मीच लिहून ठेवलं होतं," मी म्हणालो. "डबी आली त्या दिवशी."

"न बगताच?"

मी मान डोलावली. त्यांनी हातातल्या चपला दारातच खाली टाकल्या, त्यात पाय घातले आणि पायऱ्या उतरून गेल्या.

आता त्यांचा कळप ओढ्याकडच्या वाटेनं जातो. दुपारी घुंगरांचा आवाज येतो, पण लांबून. मी खिडकी उघडी ठेवतो.