बोलणारी पेटी

ताईनं बत्तीस वर्षं ग्रंथालयात लोकांना गप्प बसवलं. आता निवृत्तीच्या समारंभात अख्खं सभागृह तिच्यासाठी आपणहून गप्प बसणार होतं, तर तिच्याकडेच आवाज उरला नव्हता. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये गाठ गेली, आणि जाताना आवाजाचा बारा आणे हिस्सा घेऊन गेली. उरलेल्या चार आण्यांत तिला पाच मिनिटं आभार मानायचे होते. त्यापुढे गळा साथ देत नसे.

तिचा धाकटा भाऊ साउंडवाला. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्यानंतर महिन्याभरात त्यानं घरातला एकुलता एक रेडिओ खोलून चटईवर मांडला, आणि ताईनं कान न पिळता त्याला एक स्क्रूड्रायव्हर आणून दिला. पुढचं सगळं आयुष्य त्या स्क्रूड्रायव्हरवर चाललं होतं. तेव्हा आज ताईचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही, तर वीस वर्षं आपण नुसत्या वायरी गुंडाळल्या, असं त्याचं साधं मत होतं.

आणि माया आली की माणसाची अक्कल सुट्टीवर जाते. भाषणानंतर कर्मचाऱ्यांचा बँड वाजणार होता, त्यासाठी शब्दांकरता वर टांगलेल्या पेट्यांखेरीज स्टेजच्या पायथ्याशी बेसच्या दोन मोठ्या पेट्या होत्या. एरवी त्या पेट्यांना लो पास फिल्टर लावलेला असतो. दारावरचा राखणदारच तो. जाड, खालचे सूर आत सोडतो, बाकीच्यांना वाटेला लावतो. भावानं विचार केला, ताईचा आवाज इतका बारीक, आणि एवढ्या धिप्पाड पेट्या नुसत्या बसून राहणार? त्यानं फिल्टर काढून टाकला. पेट्या जास्त, आवाज जास्त.

तालमीला ताई माइकसमोर उभी राहिली.

"मित्रहो," ती म्हणाली.

विहिरीत पडलेल्या माणसानं मदत मागावी, तसं ते ऐकू आलं. भावानं आवाज वाढवला. पेट्यांनी किंकाळी फोडली. ताईनं बत्तीस वर्षांच्या सवयीनं तर्जनी ओठांवर ठेवून पेट्यांकडे रोखून पाहिलं, पण त्या काही ग्रंथालयाच्या सभासद नव्हत्या.

"राहू दे रे," ती म्हणाली. "चिठ्ठी लिहून देते, कोणीतरी वाचेल."

कार्यक्रमाला अर्धा तास होता.

पहिल्या रांगेत मास्तर येऊन बसले होते. भावाला हे काम त्यांनी शिकवलं होतं. आता ते निवृत्त होते आणि कार्यक्रमांना फक्त नावं ठेवायला येत. ते काठी टेकत उठले, कुरकुरत्या गुडघ्यांनिशी बेसच्या पेटीपुढे बसले आणि तिच्या जाळीला कान लावला.

ही मास्तरांची जुनी रीत. कार्यक्रमाआधी माइकवर कोणाला तरी बोलायला लावायचं आणि बेसच्या पेटीला कान लावायचा. एक जरी शब्द कळला, तरी फिल्टर नीट नाही असं समजायचं आणि कार्यक्रम सुरू करायचा नाही. भाऊ स्वतः वीस वर्षं हे करत आला होता. आज तेवढं त्यानं टाळलं होतं, कारण चोर आपणच, हे त्याला ठाऊक होतं.

"ताई, बोला काहीतरी."

"पुस्तकं वेळेवर परत करा," ताई म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली. "कळलं. सगळं कळलं. ही पेटी बोलते कशी काय?"

"मीच फिल्टर काढला, मास्तर. म्हटलं, ताईला तेवढीच मदत."

"मदत! अरे, ही माइकच्या पायाशी बसून तिचेच शब्द पुन्हा तिच्या माइकात ओततेय. किंचाळेल नाही तर काय करेल? वरच्या पेट्यांचा शब्द एकीकडून, हिचा दुसरीकडून. लोकांनी ऐकायचं कोणाचं?"

ताई माइकवरूनच म्हणाली, "म्हणजे बडबड्याला बाहेर काढा. एवढं तर मलाही येतं."

भावानं फिल्टर परत लावला. बेसच्या पेट्या मुकाट झाल्या. मग त्यानं वरच्या पेट्यांचा आवाज चढवला, आधीपेक्षा पुष्कळ वर, आणि कोणी किंचाळलं नाही. मास्तरांनी पुन्हा कान लावला, काही कळलं नाही असं समाधानानं सांगितलं, आणि उठायला हात मागितला.

सभागृह भरलं. ताई बोलली. आवाज तसाच होता, कागदावर कागद घासल्यासारखा, पण शेवटच्या रांगेतला पहारेकरी तिनं त्याचा उल्लेख करताच उभा राहिला. तिनं डॉक्टरांचे आभार मानले, झाडूवाल्या बाईंचे मानले, तेरा वर्षं एकच पुस्तक परत न करणाऱ्या सभासदाचे मानले, कारण त्या निमित्तानं तो दर महिन्याला भेटून जायचा. पाच मिनिटं संपत आली.

"शेवटी," ती म्हणाली, "माझ्या पायाशी बसलेल्या दोन मोठ्या पेट्यांचे आभार. त्या गप्प बसल्या. आणि माझ्या भावाचे. त्याला रेडिओ परत जोडता आला नव्हता, तो अजून माझ्याकडे आहे."

लोक हसले. भाऊ मिक्सरवर वाकला होता, वर बघत नव्हता. मास्तर पहिल्या रांगेतून उठून त्याच्याजवळ आले होते. त्यांनी खिशातला रुमाल त्याच्यापुढे धरला.

"पूस," ते म्हणाले. "बँड यायचाय, मिक्सरचे दिवे दिसायला हवेत."